अकराव्या ओळीतला ओके

हे सुनंदालासुद्धा माहीत नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको. कॅन्टीनच्या आमटीत मीठ जास्त पडलं तरी घरी येऊन तिला सांगणारा माणूस मी — आणि ही एक गोष्ट तीन वर्षं पोटात घेऊन फिरतोय. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? कारण तुम्ही युसूफभाईंना ओळखत नाही. दुसरं काही कारण नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, चेकशीट भरायची, शेवटच्या रकान्यात ओके लिहून सही करायची. आता आतली गोष्ट सांगू? बरेच जण ही शीट चहा पितापिता भरतात. कालचे आकडे आज, आजचे उद्या. मी नाही भरली तशी, कधीच नाही. पीस हातात घेऊन माप लावल्याशिवाय माझा पेन चालला नाही. लोक करवादायचे. "गायकवाड, ट्रक उभाय राव, सोड की!" मी सोडत नसे. दापोडीच्या गल्लीत वाढलेला, हेल्परचा पोरगा — नाव कमवायला माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? पुढेपुढे शॉपमध्ये बोललं जायचं, गायकवाडचा ओके असला की डोळे मिटून माल पाठवा. फुशारकी मारत नाहीये. हे आधी कळलं नाही तर पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतोय.

डोळे मिटून माल पाठवणारे ते युसूफभाई. डिस्पॅचला होते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. लाकडी खोक्यांवर गावांची नावं रंगवायचं काम त्यांचं. त्यातलं एक नाव वारंवार यायचं — किसुमू. केनियातलं शहर, भल्यामोठ्या तळ्याच्या काठावरचं. तिकडे आपल्याकडच्या मोटारसायकली रिक्षासारख्या भाड्याने चालतात, त्यांचे भाग इथून जातात. "इतकी वर्षं या गावाचं नाव काढतोय," युसूफभाई म्हणायचे, "पण गावानं एकदा तरी चहाला बोलवावं का नाही?" रिटायर झाले त्याच आठवड्यात घरी आले आणि म्हणाले, चल, आपण चौघं जाऊ. ते आणि नसीमभाभी, मी आणि सुनंदा. मी खूश झालो. मनापासून खूश झालो हो, खोटं नाही.

त्यांच्या अटी दोनच. "पळापळ नको. आयुष्यभर भोंग्यावर धावलो, आता तळ्याकाठी खुर्ची टाकून बसायचं. आणि खाणं हलाल पाहिजे. बाकी तू म्हणशील तसं, भावा." सगळं ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं असेल? चेकशीट बनवली! विमान, लस, मशीद किती लांब, खोलीत नमाजासाठी किब्ल्याची दिशा कोणती, दुपारी झोपायला वेळ आहे का — ही ओळ सुनंदाने घालायला लावली. प्रत्येक ओळीपुढे रकाना. फोन करून, मेल करून, चारदा विचारून एकेक रकाना भरत गेलो. अकरावी ओळ होती : तळ्याकाठच्या लॉजमध्ये मांस हलाल आहे का. चार दिवस तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं होतं.

थांबा. एका रविवारचं आधी सांगायला हवं. मी ते टाळत होतो.

त्याच्या वर्षभर आधी आम्ही चिखलीत फ्लॅट घेतला. स्वतःचा, तिसऱ्या मजल्यावर. मित्रांना मटणाचं जेवण दिलं. त्या सकाळी मी चिखलीतली चार दुकानं सोडून दापोडीला गेलो. युसूफभाई ज्याच्याकडून मटण घेतात, त्याच खाटकाकडे. रांगेत उभा राहिलो, मांडीचं मागून घेतलं. कुणासाठी? सुनंदाने वाटण पाट्यावर वाटलं, मिक्सरला हात लावला नाही. आणि युसूफभाईंनी ताटात वरणभात घेतला. "पोट बरं नाही रे आज." रस्सा पुढे केला तर वाटीवर हात धरला.

माझी आई तेव्हा होती. तिच्या लहानपणी गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, आम्हाला द्यायचं तर वरून ओतायचे. ती युसूफभाईंचं ताट उचलताना हळूच म्हणाली, "ह्यांनी बी न्हाई खाल्लं व्हय?"

आता मला कळत नव्हतं का? कळत होतं. नकार माझ्या हाताला नव्हता, कापायच्या पद्धतीला होता. एका वाक्याचं काम होतं — युसूफभाई, तुमच्याच खाटकाचं आहे, खा. पण मी बोललो नाही. त्यांनी विचारावं, असं मला वाटत होतं. ज्या माणसाच्या ओकेवर तुम्ही कंटेनर पाठवता, त्याच्या घरचा एक तुकडा तुम्हाला चालत नाही? आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये एकाने सहज सांगितलं, काल संध्याकाळी युसूफभाई आकुर्डीला साखरपुड्यात भेटले, कबाबवर ताव मारत होते. म्हणजे पोट ठणठणीत होतं. माझ्या घरात बसून, माझ्या आईसमोर, माझा माणूस माझ्याशी खोटं बोलला. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. नुसतं वाईट नाही वाटलं — आग लागली. आणि ती मी वर्षभर हसतमुखाने जपली.

तर मेल. लॉजला मी अकराव्या ओळीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं. साधं, सरळ माणसाचं उत्तर. आमच्याकडे कोंबड्या आसपासच्या गावांतून येतात, आमचा आचारी मागच्या अंगणात कापतो, त्यामुळे हलाल म्हणता येणार नाही. पण शहरात हलाल मांस मिळतं. तुम्ही एक दिवस आधी कळवलंत तर तुमच्यासाठी तिथून आणू, भांडीही वेगळी ठेवू.

बघा म्हणजे. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. मला फक्त "हो, आणा" एवढं लिहायचं होतं.

बरीच वर्षं — बरीच कसली, तीनच वर्षं — मी स्वतःला सांगत आलो की राहून गेलं. कामाचा रेटा होता, ऑडिट होतं. पण तुम्हाला खोटं सांगायला हे लिहायला बसलो नाही. मी उत्तर लिहायला घेतलं होतं. बोटं ठेवली होती. आणि मला वरणभाताचं ते ताट दिसलं. मी मेल बंद केला, चेकशीट उघडली आणि अकराव्या ओळीपुढे ओके लिहिलं. खाली सही. माप न लावता मारलेला माझा पहिला ओके. पहिला आणि एकच.

तिथं पोचलो. तळं कसलं, समुद्रच! पण काठाला हिरवागार थर तरंगत होता. नसीमभाभींनी तोंडाला पदर लावला. "अगं सुनंदा, ही तर आपल्या पवनेतली जलपर्णी! आपल्याआधी पोचली की गं!" चौघं खुर्च्या टाकून बसलो आणि पोट धरून हसलो. युसूफभाई रस्त्यावरच्या मोटारसायकली मोजत होते. प्रत्येक गाडीवर त्यांचा हक्क असल्यासारखं.

जेवायला आले तळलेले मासे, मक्याचा घट्ट पांढरा गोळा आणि कोंबडीचा रस्सा. युसूफभाईंनी रस्सा वाढून घेतला. घास तोंडाजवळ नेऊन थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"गायकवाड, हे बघितलंयस ना तू?"

अजून वेळ होता. मासे होते ना समोर! नुसतं म्हणायचं होतं, आज मासे खा, उद्यापासून सोय होईल. आचाऱ्याला हाक मारली तरी जमलं असतं.

"ओके आहे," मी म्हणालो.

ते बिस्मिल्ला म्हणाले आणि जेवले. भाभी जेवल्या. बोटं चाटली, हाडं चोखली, पुन्हा मागून घेतलं. चार दिवस रोज. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. पहिल्या दिवशी तर चक्क बरं वाटलं. खाल्लं की नाही माझ्या शब्दावर — असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेवढं नाही. तिसऱ्या दिवशी ते मशिदीतून परत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आज तुझ्या आईसाठी पण दुवा मागितली. आई त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली होती. तरी दुपारी कोंबडी आली आणि मी गप्प राहिलो.

परत आल्यावर दोनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "रविवारी येतोय. सुनंदाला सांग, मटण कर." कुठून आणायचं, कसलं आणायचं, एक शब्द नाही. मी त्याच दापोडीच्या खाटकाकडे धावलो. ते आले, मांडी घालून बसले, पोटभर जेवले. हेच हवं होतं ना मला? हात धुवून झाल्यावर मला गॅलरीत नेलं.

"एक बोलायचं होतं भावा. पहिल्यांदा तुझ्या नव्या घरी जेवायला आलो होतो, तेव्हा पोट बरं नाही म्हणालो. खोटं बोललो. मटण कुठलं म्हणून विचारायचं होतं. पण विचारलं तर तुझ्या घरावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. तुझी आई समोर होती. आणि न विचारता खाता येईना. तेव्हापासून खातंय मला ते. किसुमूला तू माझ्यासाठी एवढं सगळं बघितलंस, तेव्हा तर लाजच वाटली. माफ कर."

आता सांगा, याच्याहून सोपी वेळ कुठली असते? समोरचा माणूस स्वतःचं खोटं उघडं करून उभा होता. मी काय बोललो माहितीये? "अहो, ते मटण पण तुमच्याच खाटकाचं होतं."

एवढंच खरं होतं आणि ते मी त्यांना टोचायला वापरलं. त्यांचा चेहरा पडला. डोळे भरले. मला पुन्हापुन्हा म्हणत राहिले, आईनं काय विचार केला असेल रे. आणि मी मोठ्या मनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, सोडा हो युसूफभाई, आपल्यात काय माफी. निर्लज्जासारखा म्हणालो. आईने काय विचार केला, ते मात्र सांगितलं नाही.

निघताना मी त्यांच्या हातात दिलेली ती प्रवासाची चेकशीट त्यांनी लॅमिनेट करून ठेवलीय. गेल्या महिन्यात त्यांची धाकटी बहीण आणि मेहुणे किसुमूला जायला निघाले, तर त्यांना तिचीच झेरॉक्स दिली. म्हणाले, यात बघायचं काही नाही, हे गायकवाडचं आहे. ऐकलं आणि मी घरी येऊन लॉजला मेल केला — आमचे दोघे पाहुणे येतायत, हलाल मांस शहरातून आणा, भांडी वेगळी ठेवा. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. आनंदाने करू, म्हणाले. एवढंच काम होतं ते.

बहिणीसाठी अकरावी ओळ आता खरी आहे. युसूफभाईंसाठी ती खोटी होती आणि खोटीच राहणार. ते अजून दर दुसऱ्या रविवारी येतात. मी दापोडीला जातो, रांगेत उभा राहतो, समोर कापून घेतो. सुनंदा वाढते. युसूफभाई बिस्मिल्ला म्हणतात आणि पहिला घास घेतात.

आता ते मला विचारत नाहीत.