विहिणीचं कडं

निखिलने अमेरिकेतून फोन करून लग्नाला पसंत केलेली मुलगी चिनी असल्याचं सांगितलं, तेव्हा मी बोंबील तळत होते. ते करपले.

“आई, ग्रेस अमेरिकन आहे. तिकडेच जन्मली. तिची आई चीनहून आलेली.”

“मग मुलगी नक्की कुठली?”

“हे तिला शाळेपासून सगळे विचारतात. तू तेवढं विचारू नकोस.”

लग्न आमच्याकडे, पनवेलजवळ सुकापूरला ठरलं. विहीणबाई, म्हणजे लिनबाई, लेकीला घेऊन आधीच येऊन राहिल्या. मायलेकींची सकाळपासून जुंपलेली असायची. आई चिनीत बोलायची, लेक इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मला ते सगळं मराठीत कळायचं. (पनवेलच्या उकाड्यात “काहीतरी अंगावर घे” असं जगातली कुठलीही आईच म्हणू शकते.)

सगळ्यात मोठं भांडण एका कड्यावरून. ग्रेसच्या डाव्या मनगटात हिरव्या दगडाचं अखंड कडं होतं. लहानपणी आईने घातलेलं. हात वाढला, कडं हातातच अडकलं. शाळेत व्हॉलीबॉल खेळताना त्यावर पट्टी गुंडाळावी लागायची, याचा राग तिला अजून होता. “आईने मला बेडी घातलीय,” असं ती चारचौघांत म्हणायची.

हळदीच्या आदल्या दिवशी कासारीण चुडा भरायला आली. ग्रेसने हात पुढे केला आणि माझ्या नणंदेने, यमुनाताईंनी, ते कडं पाहिलं.

“वयनी, चुड्यात ह्यो दगूड नाय चालायचा. काचा फुटतील. अपशकुन हाय.”

भरल्या घरात नणंदेने अपशकुन म्हटलं की वहिनीला कामाला लागावंच लागतं. मी साबणाचं पाणी आणलं. ग्रेसला एवढी वर्षं नको असलेली बेडी मीच सोडवणार, या आनंदात मी तिचा हात धरून ओढू लागले.

ग्रेसने हात झटकन मागे घेतला. “नो.”

“अगं, तूच म्हणतेस ना बेडी?”

ती निखिलकडे वळली आणि इंग्रजीत ताडताड बोलली. निखिलने घसा साफ केला. “ती म्हणतेय, या कड्यावरून आईशी भांडायचा हक्क फक्त तिचा आहे. बाकी कुणी हात लावायचा नाही. चुडा नाही भरला तरी चालेल.”

लिनबाई लेकीकडे बघतच राहिल्या. मग आमच्याकडे वळून, मोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगत, त्यांनी स्वतःच्या हातातलं तसलंच कडं सहज काढून दाखवलं. निखिल म्हणाला, “हात वाळला की आपोआप निघतं, असं त्या म्हणतात. जबरदस्ती करायची नाही.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मीही हट्टी, उरणची लेक. “जबरदस्ती कसली? साबण लावला की काहीही निघतं. बघा,” असं म्हणत मी त्यांचं कडं घेतलं आणि माझ्या हातात चढवलं.

चढलं झकास.

मग साबण झाला, खोबरेल झालं. यमुनाताईंनी भिंतीला पाय लावून ओढलं. मनगट टम्म फुगलं. ह्यांनी सोनाराला बोलावून कडं कापायची तयारी केली, तर एवढ्याशा लिनबाई माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

“काय म्हणतात?” मी निखिलला विचारलं.

“कापू देणार नाही म्हणतात. त्यांच्या आईचं आहे. तुझा हात बारीक होईपर्यंत तुझ्याकडेच राहू दे.”

“म्हणजे कधी?”

लिनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या दोघी एकाच गोष्टीवर हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला त्याचा अर्थ कुणीही सांगितला नाही.

कासारणीने ग्रेसच्या कड्याच्या पुढे-मागे चुडा भरला. एकही काच फुटली नाही. यमुनाताई “आमच्या येळंला असं नव्हतं” म्हणत राहिल्या आणि ग्रेस, एक शब्द न कळूनही, त्यांना ठामपणे “नाय” म्हणत राहिली.

लिनबाई रिकाम्या हाताने अमेरिकेला परत गेल्या. मी मात्र भाजी घ्यायला निघाले की अजून मागून कुजबुज ऐकू येते, “हीच ती. सुनेचं काढायला गेली आणि विहिणीचं घेऊन बसली.”