कुणीच न पाहिलेला कौल

मोतीबिंदू काढला तरी उजव्या डोळ्यापुढचं धुकं हटेना, तेव्हा मला देवीचा खरोखर राग आला होता. शेजारणीला ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरची पाल दिसायला लागली, आणि मला समोर बसलेल्या नवऱ्याचं नाक कुठे नि मिशी कुठे तेही कळेना! डावा डोळा साखरेने आधीच नेलेला. हाही गेला की संपलंच सगळं. साखर आहे, मागचा पडदा तपासत राहावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी पडले तिरसट. आधी देवीला विचारणार, मगच दवाखाना, असं जाहीर करून टाकलं.

आमचे हे म्हणाले, "विचार गो. पण डोळो देवीन कापूक नाय, डॉक्टरान कापल्यान."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव पाषाणावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मी गाऱ्हाणं घातलं, "आई, मोतीबिंदू काढला तरी धुकं हटेना, पुन्हा दवाखान्याची पायरी चढू की नको?" बराच वेळ झाला, पाकळी काही हलेना. मला रडूच फुटलं. म्हटलं, तूसुद्धा गप्प बसलीस ना? गुरवाने हातावर तीर्थ घातलं. ते मी प्यायले आणि जन्माच्या सवयीने ओला तळवा डोळ्यांना लावायला काळा चष्मा वर सरकवला.

मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

"गो काकी, काय करतंस! ऑपरेशनच्या डोळ्याक पाणी लावतत?"

कसालहून नवस फेडायला आलेली कुणी बाई होती. "साखर आसा काय तुका?" तिने विचारलं. मी मान हलवली. "माज्या आयेचा असाच झाल्ला. मोतीबिंदू काढलो तरी धुरकटच. मागच्या पडद्याक सूज इल्ली. इंजेक्शना दिल्यानी, मगे हळूहळू दिसाक लागला. घराक बसान रवू नको, आजच जा."

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो होतो, तेवढ्यात पाकळ्या पडल्या. आधी कुठली पडली ते कुणीच पाहिलं नाही, गुरवानेसुद्धा नाही. बिचारा ओशाळला. "परत लावूया?" म्हणाला. मी म्हटलं, नको.

थेट दवाखाना गाठला. पडद्याला सूजच होती. डोळ्यात सुई घेताना देवीचं नाव आणि डॉक्टरांचा शब्द, दोन्ही धरून ठेवलं. भात कमी केला, साखर आवरली. मग धुकं हळूहळू विरळ झालं. सगळं नाही, बारीक अक्षर अजून हुलकावणी देतं. पण नवऱ्याची मिशी जागेवर आली, आणि ती पांढरी झालीय हेही कळलं! उत्तर आपल्याला हवं तसंच यावं हा माझा हट्ट मात्र त्या दिवशी सुटला.

त्या बाईची मी खूप चौकशी केली. पण ओळखणार कशी? तिचा चेहरा मला दिसलाच नव्हता. आता देवळात शेजारी उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईकडे मी डोळे भरून बघते. ही असेल, नाहीतर ती. आणि मनातल्या मनात प्रत्येकीच्या पाया पडते.