रुसलेला पोर्ट

केबल उपटायची, तिच्या टोकावर फुंकर मारायची, शर्टाला पुसायची, परत लॅपटॉपमध्ये खुपसायची आणि मोठ्या पडद्याकडे पाहत म्हणायचं, “रुसेल शे, मास्तर. घडीभर बसू द्या त्याला.” आमच्या खालच्या मजल्यावरचे काका हे रोज करायचे. रुसलेला असायचा तो लॅपटॉपचा पोर्ट, आणि मास्तर म्हणजे माझे वडील, अण्णा.

काका मूळचे नामपूरचे. तिथलं खता-बियाण्यांचं दुकान बंद करून मुलाकडे नाशिकला राहायला आलेले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला काही येत नाही तरी सगळे त्यालाच हाक मारतात. मी इथेच अंबडच्या कंपनीत दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरी मला कोण विचारतो?

अण्णांची नजर अधू झाली तेव्हा लॅपटॉपला जोडायला मोठा मॉनिटर मीच आणला. अक्षरं बोटभर केली, अण्णा पुन्हा पेपर वाचू लागले. मग एक दिवस त्यावर चित्र येईना. लॅपटॉप चार्ज होई, पण मॉनिटरवर चित्र नाही. मी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरलं आणि परत सुरू केला. चित्र आलं. अण्णा नुसतं “हं” म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच तऱ्हा. चित्र दुपारी गायब, संध्याकाळी मी घरी येईपर्यंत हजर. मी ड्रायव्हर बदलले, पोर्टमधली धूळ काढली, काही उपयोग नाही. रजेच्या दिवशी पुढे झालो तर अण्णा म्हणायचे, “तू राहू दे. ते बघताहेत ना.”

ते काय बघणार? पडदा बंद, म्हणून काका लॅपटॉपला नाक लावून मोठ्याने बातम्या वाचायचे. लासलगावचा कांद्याचा भाव आला की सरकारचा अहिराणीत उद्धार. “दुकानदारा, जोडाक्षरं खाऊ नकोस!” असं ओरडून अण्णा खो खो हसायचे. माझे वडील असे हसतात हे मला लहानपणापासून माहीत नव्हतं. आतल्या खोलीत बसून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा काका जेवायला खाली गेले आणि अण्णा हात धुवायला उठले, तेव्हा मी ती केबल नीट पाहिली. मोबाइलच्या चार्जरची होती! टोक तसंच, पण तिच्यातून चित्र जात नाही. खरी केबल अण्णांच्या कपाटात स्वेटरांखाली सापडली, छान गुंडाळून ठेवलेली.

मी जिन्यात काकांना गाठलं. “काका, मोबाइलच्या केबलने चित्र कसं येईल?”

“माले ठाऊक शे, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “खरी मास्तरांनी दडवेल शे. त्यांना बोलू नका. त्यांना वाटस, माले काही समजत नाही.”

म्हणजे दोघेही एकमेकांपासून लपवत होते, आणि राबत होतो मी. एका खतवाल्याच्या तोंडून अडखळत वाचलेल्या बातम्या ऐकायला अण्णांनी मी आणलेला मॉनिटर बंद ठेवला होता. 

यंदा उन्हाळ्यात काका लग्नासाठी नामपूरला गेले आणि तिथेच झोपेत वारले. अण्णा बरेच दिवस मॉनिटरकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच कपाटातली केबल काढून जोडली आणि गुपचूप वाचत बसले.

मागच्या रविवारी पोर्ट खरोखरच बंद पडला. अण्णांनी मला हाक मारली. मला! मी मुद्दाम सावकाश काम केलं. बटण दाबून धरलं आणि म्हटलं, “अण्णा, तोवर बातम्या वाचून दाखवू? कांदा काय म्हणतोय बघू.”

“नको, तुला कामं असतील.”

चित्र आलं. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्याकडे वळले आणि बाहेरून आलेल्या मेकॅनिकला म्हणावं तसं मला म्हणाले, “थँक्यू.”