खडकवासल्याची उपास-सहल आणि मी उचललेली चुकीची चिठ्ठी

माझं आयुष्य बदललं ते रविवारी पावणेअकराला, तिसऱ्या गीतानंतर. पाळकसाहेबांनी प्रार्थना-विनंतीच्या पेटीतून एक कागद काढला, चष्मा पुसला आणि भर चर्चमध्ये वाचलं, "आपल्या रुबेनसाठी प्रार्थना करा. त्याने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडले आहे आणि एका मुलीपायी त्याचे मन खचले आहे."

शब्द आईचे होते, काळजीही आईचीच. आमच्या मंडळीत गुपित फोडायला चहाड्या कराव्या लागत नाहीत, प्रार्थना केली की पुरतं. "एका मुलीपायी" ऐकताच दीडशे माना गायकवृंदाकडे वळल्या. तिथे दुसऱ्या रांगेत शलोमी उजगरे उभी होती, माझ्यापासून दहा फुटांवर. तिने गीतांचं पुस्तक असं मिटलं की तबलेवाला दचकला.

त्या दिवसापासून तिने माझे मेसेज वाचणंही बंद केलं. आणि पुढच्या शनिवारी मंडळीची उपास-सहल होती, खडकवासल्याला. उपास आणि सहल एकत्र कसे, असं विचारू नका. दुपारी दोनपर्यंत उपास, मग मटण. मी दोन वर्षं या प्रकाराला नावं ठेवत आलो होतो. या वेळी आधी नाव नोंदवलं. शलोमी जाणार होती, आणि ती चिठ्ठी मी लिहिली नव्हती एवढं तरी तिला सांगायचं होतं. खरं तर त्याहून बरंच काही सांगायचं होतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला मी मार्केट यार्डात. तरुण संघाने कोथिंबीर, कांदे आणि लिंबं माझ्या गळ्यात मारली होती. जानेवारीची थंडी, मफलर गुंडाळलेले हमाल आणि तोंडातून वाफ काढत भांडणारे व्यापारी. तुम्हाला फोटोबिटो काढायचे असतील तर सहाच्या आत पोहोचा, आणि पोतं डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या वाटेत उभे राहू नका. मी राहिलो. "ओ साहेब, फोटोत आम्हाला घ्या, पण आधी बाजूला व्हा," असं ऐकून घेतलं. गेटाबाहेरचा चहा दहा रुपयांना, आणि तो प्यायलात की उपास मोडतो. माझा मोडला.

सिंहगड रस्त्याने जाणार असाल तर सातच्या आत धायरी फाटा ओलांडा. त्यानंतर तो रस्ता राहत नाही, पार्किंग होतो. मी कोथिंबीर दप्तरासारखी पाठीला बांधून, कांद्या-लिंबांचं पोतं पुढ्यात घेऊन बाइक हाणली. धरणाची भिंत दिसली तेव्हा पाण्यावर धुकं होतं, आणि माझ्यासारख्या माणसालाही वाटलं की कुणीतरी हे बसून, वेळ काढून बनवलं असावं. चौपाटीवर कणसंवाले निखारे पेटवत होते. कणीस तीस रुपये, लिंबू-तिखट लावून. तेही खाल्लं. एकदा मोडलेला उपास पुन्हा कुठे मोडतो?

आमचा हॉल धरणाच्या पुढे, पाण्याच्या काठाला. भिंती पांढऱ्या, संडास दोन, माणसं एकशेवीस. एवढ्यावरून काय ते समजून घ्या. शलोमी लसूण सोलायला बसली होती.

"ती चिठ्ठी मी नव्हती लिहिली," मी पोतं टेकवत म्हणालो.

"माहितीये. तुझं शुद्धलेखन एवढं बरं नाही." तिने मान वर केली नाही. "आईला सांग, पुढच्या वेळी माझा पत्ताही लिहा. लोकांची सोय होईल."

"शलोमी, पाच मिनिटं..."

"कोथिंबीर निवड."

निवडली.

अकरा वाजता प्रार्थनेचा जोडीदार काढायचा कार्यक्रम. प्रत्येकाने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचं. ज्याची चिठ्ठी निघेल, त्याच्यासोबत अर्धा तास बसायचं, त्याची अडचण विचारायची, त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. डबा फिरवायला कोण पुढे झालं असेल? मी. शलोमीचं गोल, डावीकडे कललेलं अक्षर मला पाठ आहे. तिच्या अर्ध्या नोट्स मीच झेरॉक्स केल्यात. घडीतून 'उ'चा तो कललेला गोल दिसला आणि मी चिठ्ठी बोटांत दाबून धरली. देवाच्या घरात चक्क चोरी, पण तेव्हा मला ती देवाचीच योजना वाटत होती.

उघडली. "उत्तम उजगरे."

म्हणजे शलोमीचे वडील. काका चष्मा घरी विसरले होते, म्हणून त्यांची चिठ्ठी लेकीने लिहिली होती.

"चल," काका म्हणाले. "कोण आहेस तू? हां, खचलेला."

आम्ही पाण्याकाठी करंजाच्या झाडाखाली बसलो. काकूंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दर रविवारी त्यांचं नाव घेतलं जातं. इतक्यांदा, की लोक "आणि उजगरेबाई" म्हणताना घड्याळ बघतात.

"कर प्रार्थना," काका म्हणाले. "मोठ्याने कर. देवाला हळू बोललेलं ऐकू येतं, मला नाही."

मला ठरीव प्रार्थना येते. दयाळू बापा वगैरे. पण चोरी अंगाशी आलेली, पोटात भूक, डोक्यात शलोमी. तोंडातून निघालं ते असं: "प्रभू, दोन वर्षं झाली. दीडशे माणसं दर आठवड्याला एकच गोष्ट मागतायत. तुला काय अर्ज तीन प्रतींत हवाय? काकूंनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? बरं करायचं नसेल तर तसं सांग, लोकांना ताटकळत ठेवू नकोस. आमेन."

डोळे उघडायची हिंमत होईना.

"आमेन," काका म्हणाले. "मीही रोज हेच म्हणतो. फक्त तुझ्यापेक्षा सभ्य भाषेत."

"काका, काकू बऱ्या होतील असं खरंच वाटतं तुम्हाला?"

"पहिल्यासारखी? नाही."

"मग कशाला मागता?"

"सकाळी सहाला तिची वेणी घालतो. वाकडी येते. ती रागावून डाव्या हाताने सोडते, मी परत घालतो. सहाला उठायचं बळ माझं नाही रे, मी मूळचा आठला उठणारा माणूस. ते कुणीतरी देतं. ज्याने दिलं त्याच्याशीच बोलतो, भांडतो. दुसऱ्या कुणाशी भांडू?" त्यांनी पँटवरची माती झटकली. "प्रार्थना झाली. आता कामाचं. सांभाळणारी बाई मंगळवारी येत नाही. माझ्या रजा संपल्या, शलोमीच्याही. तू रिकामाच आहेस. दहाला ये."

मटण चांगलं होतं. मीठ कमी.

घरी आलो तर आई दारातच. "कशी झाली सहल?" मी म्हणालो, "तुझ्या चिठ्ठीमुळे नोकरी लागली, बिनपगारी." ती हसली नाही, लगेच हात जोडून देवाचे उपकार मानायला लागली. चिडायला गेलो आणि जमलं नाही. त्या सहलीत माझा विश्वास वाढला का? मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे. पण देवावर इतकं मोठ्याने ओरडलो आणि वर कुणीतरी "आमेन" म्हणालं, हे डोक्यातून जाईना.

मंगळवारी दहाला उजगरेंच्या फ्लॅटवर हजर. खोटं कशाला बोलू, शलोमीसाठीच गेलो होतो. काकूंना पेज भरवली, निम्मी माझ्या शर्टावर. बायबल वाचून दाखवलं तर त्या भिंतीकडे बघत बसल्या. शेवटी वेळ जाईना म्हणून मी एक जुनं गीत म्हणायला घेतलं, भसाड्या आवाजात. दुसऱ्या ओळीला चाल चुकली. काकूंनी डावा हात पलंगावर आपटला आणि ती ओळ स्वतः म्हटली. शब्दांसकट. पाणी मागता न येणाऱ्या बाईने अख्खं कडवं गायलं. चूक सहन न झाल्यामुळे.

अडीचला शलोमी सदाशिव पेठेतल्या दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम संपवून आली. ती दारातच उभी राहून ऐकत होती. मग मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

"गाण्यात येतात तिला शब्द. पण पपांसमोरही क्वचितच गाते. थँक्स, रुबेन." आणि मग, "पण माझं उत्तर नाही असंच आहे."

"चिठ्ठीमुळे?"

"चिठ्ठीच्या आधीपासून. तू विचारत नव्हतास, म्हणून मीच सांगतेय."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तीन-चार वाक्यं जिभेवर आली, एकही छापण्यासारखं नाही. तेवढ्यात आतून हाताचा आवाज आला, पलंगावर दोनदा. मी डोकावलो. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवत होत्या.

"येतो, काकू. मंगळवारी."

"आता कशाला येशील?" शलोमीने विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच कळत नव्हतं.

"दुसरं कडवं राहिलंय," मी म्हणालो. चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.