फोटोतला धोंडीराम

उपनगरातल्या कॉलनीत छाया दोंदे बाईंना ओळखत नाही असं घर नाही. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फोटो असायचा: खाकी कपड्यातला तरुण शिपाई, एक हात खुर्चीच्या पाठीवर. हे त्यांचे आजोबा धोंडीराम, दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढलेले. आजोबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती जपान्यांच्या गोळीनं गेली, असं छायाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, आणि वर्गातल्या मुलांनाही दरवर्षी सांगत होत्या.

मागच्या हिवाळ्यात कॉलनीतल्या विहाराच्या समितीनं ठरवलं की कॉलनीतल्या घरांमधून जे जे फौजेत गेले, त्यांची नावं दगडावर कोरून लावायची. छायाबाईंचा धाकटा भाऊ रवी समितीत होता.

"ताई, आजोबांचा नंबर, पलटण, सगळं नीट शोधून दे," तो म्हणाला. "पहिलं नाव आपलंच येणार."

छायाबाईंनी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी फडक्यात बांधलेलं एक पुडकं होतं. त्यात दोरा ओवलेला गोल बिल्ला, पितळी बटणं आणि इंग्रजीतला एक छापील कागद, घड्यांवर इतका विरलेला की मधल्या ओळी गेलेल्याच. बिल्ल्यावरचा नंबर मात्र वाचता येत होता. रवीची मुलगी पायल कॉलेजात शिकते. तिनं तो नंबर मोबाइलवर शोधला आणि थोड्या वेळानं मोबाइल छायाबाईंपुढे धरला.

"आत्या, ही तर युद्धात मेलेल्यांची यादी आहे."

यादीत होतं: धोंडीराम दोंदे, बहिरू दोंदे यांचा मुलगा. मृत्यू मे १९४४, बर्मा. खाली गावाचं नाव.

"चुकलंय काहीतरी," छायाबाई म्हणाल्या. "आजोबा गेले ब्याऐंशी साली. मी सोळा वर्षांची होते. शेवटचं पाणी मी पाजलंय त्यांना."

पण नंबर तोच होता. गाव तेच, बापाचं नाव तेच. पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो भिंतीवरून काढला, पिशवीत घातला आणि घोटीची एसटी पकडली.

घोटीच्या पुढे भातखाचरांमधल्या एका गावात कुसाबाई राहतात. आजोबांची ही सगळ्यात धाकटी बहीण, वय नव्वदीला टेकलेलं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"काळूदादा," त्या म्हणाल्या.

"आत्याआजी, हे धोंडीराम आजोबा ना?"

"नाय गं पोरी. ह्यो काळू. दादाच्या पाठचा. दादा कधी लढाईला गेलाच नाय."

आजोबांचा काळू नावाचा एक भाऊ मुंबईला पळून गेला आणि परत आला नाही, एवढंच छायाबाईंना ठाऊक होतं. कुसाबाई थांबत थांबत सांगत गेल्या. धोंडीरामची बोटं लढाईच्या आधीच पाटलाच्या वाड्यावर कडबा तोडताना गेली होती. भरतीवाल्या साहेबानं हात बघूनच त्याला परत पाठवलं. महिन्याभरानं काळू दुसरीकडच्या भरतीला गेला. वय सोळा, म्हणून थोरल्याचं नाव आणि थोरल्याचं वय सांगितलं.

"फोटो तिकडून पाठवला त्यानं. मग एक दिवस टपालात कागद आला, बिल्ल्या-बटनांच्या पुडक्यासकट. मास्तरानं दादाला वाचून दाखवला. धोंडीराम मेला म्हून लिवलेलं! दादा समोर उभा, धडधाकट."

"मग?"

"मग काय. आयला कोन सांगनार? काळू फौज सोडून मुंबईला गिरनीत गेलाय, असं दादानं सांगितलं. आय मरस्तोवर वाट बघत होती."

"पण आजोबा स्वतःला फौजी का म्हणवून घ्यायचे?"

कुसाबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. "पोटासाठी दादा देवळालीला छावणीत भांडी घासायला गेला. चार वर्सांनी आला तवा अंगावर जुना खाकी कोट व्हता. लोकांनी फोटो बघितलेला, दोघं भाव दिसायला सारखेच, आन् फौजेच्या टपालावर नाव दादाचं. ज्यो पाटील आमाला लांब उभं करायचा, त्यो 'या शिपाई' म्हनाया लागला. दादा नाय म्हनला नाय. लय सोपं नव्हतं गं, नाय म्हननं."

परतीच्या गाडीत छायाबाईंना आजोबांचा रागही आला आणि त्या रागाची लाजही वाटली. वर्गात इतकी वर्षं ताठ मानेनं सांगितलेली गोष्ट आठवली की कान तापायचे. त्याहून सोळा वर्षांच्या त्या पोराचा विचार सुटत नव्हता. त्याच्या मरणावर घरात कुणी रडलंसुद्धा नव्हतं, कारण रडलं असतं तर आईला कळलं असतं.

रवीला सांगितलं तेव्हा तो उठूनच उभा राहिला.

"हे कुणाला बोलायचं नाही, ताई. आजोबांची अब्रू चव्हाट्यावर मांडणार का तू?"

"आणि काळूआजोबांचं काय?"

"त्यांना जाऊन ऐंशी वर्षं झाली!"

"म्हणून खोटं नाव दगडावर कोरायचं?"

"नाव खोटं कुठंय? सरकारी यादीत तेच आहे की."

 तरी छायाबाईंनी समितीला चिठ्ठी लिहिली: आमच्या घरातून काळू बहिरू दोंदे गेले आणि तिकडेच मेले, हे नाव कोरावं. समितीनं पुरावा मागितला. रवीनं रागानं समितीचा राजीनामा दिला. एप्रिलमध्ये दगड बसला, त्यावर दोंदेंचं कुठलंच नाव नव्हतं.

छायाबाईंनी मग युद्धात मेलेल्यांची ती यादी ठेवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं, सोबत कुसाबाईंच्या अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. उत्तर सभ्य भाषेत आलं. काळूच्या जन्माचा, शाळेचा, कसलाही तेव्हाचा कागद असेल तर विचार करू. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून नाव बदलता येणार नाही. काळू शाळेत गेलाच नव्हता. गावच्या जन्मनोंदीत त्या सालाची पानंच नाहीत. छायाबाई स्वतः जाऊन बघून आल्या.

रवी अजून त्यांच्या घरी येत नाही. निरोप पायलकरवी येतात. कुसाबाई मात्र दर आठवड्याला नातवाच्या फोनवरून विचारतात, "लागलं का गं त्याचं नाव?" छायाबाई दर वेळी खरं तेच सांगतात. "बरं, पुढल्या आठवड्याला इचारते," म्हणून कुसाबाई फोन ठेवतात.