भूकंप दाखवा की

आमच्या ऑफिसातले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत न्हाईत. महिन्याला एखादा वरून येऊन पडतोच. टपरीवर सांगितला की लोक हसतात. माझं मात्र अजून डोकं तापतं.

लोमटे मॅडम मूळच्या बेंबळीच्या, शेतकऱ्याची लेक. आजोळ सास्तूरचं. त्र्याण्णवच्या भूकंपात मामाचं घर माणसांसकट गेलं, तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. पुढं भूकंपाचाच अभ्यास केला, डॉक्टरेट घेतली, आणि सरकारच्या तंत्रज्ञान विभागात डायरेक्टर झाल्या. मी कळंबचा, त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन. चौदा वर्षं झाली.

*

सास्तूरला भूकंप मोजायचं मशीन बसवलं. उद्घाटनाला पुढारी आले. फीत कापून म्हणाले, "आता चालू करून दाखवा."

"चालूच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग भूकंप दाखवा की."

स्टेजवरचे सगळे हसले. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांनी घरची माणसं स्वतःच्या हातानं उकरून काढली होती. त्यातलं एक न्हाई हसलं.

मॅडमनी माइक घेतला. "यांनी बघितलाय. यांना विचारा." आणि खाली उतरून त्यांच्यात जाऊन बसल्या.

*

नंतर एकदा आठ दिवस ऑफिसातल्या स्क्रीनवर नुसती सरळ रेघ. शेजारून ट्रॅक्टर गेला तरी हलणारी रेघ ती! आमी सास्तूर गाठलं. मशीनचा प्लग उपटून मोडलेला, आणि तिथं साऊंडची वायर. त्याच पुढाऱ्याचा वाढदिवस सप्ताह चालला होता.

"लई भारी सॉकेट हाय मॅडम," साऊंडवाला म्हणाला. "लाईट जातच न्हाय."

परत आलो तर टेबलावर मुंबईचं पत्र: आठ दिवसांत एकही धक्का नाही, यंत्रणेची कामगिरी उल्लेखनीय.

मॅडमनी तो मोडका प्लग लिफाफ्यात घालून पत्रासकट परत पाठवला. उत्तर आलं न्हाई. मॅडमची बढती मात्र दोन वर्षं अडकली.

*

मुंबईच्या मीटिंगमधी एका कन्सल्टंटनं ॲप दाखवलं. भूकंप झाला की फोनवर हिरवं बटण येणार, 'मी सुरक्षित आहे'. टाळ्या पडल्या.

मॅडमनी विचारलं, "ढिगाऱ्याखालच्यानं कुठलं बटण दाबायचं?"

कन्सल्टंटनं शांतपणे वही चाळली. "ते फेज टूमध्ये आहे मॅडम."



*

आता शेवटचा. जिल्ह्याला आढावा बैठक होती. नव्या मशीनसाठी मॅडमनी सहा गावं सुचवली होती. वरचे साहेब यादी बघून म्हणाले, "इतकी वर्षं झाली, आता कुठं काय होतंय? उगाच लोकांना घाबरवता तुम्ही." आणि तांबड्या पेनानं सहाही गावांवर काट मारली. खाली सही करणार, तेवढ्यात खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. कपातला चहा बशीत सांडला.

सगळ्यांच्या आधी साहेब बाहेर. त्यांच्यामागं आमी सगळे. मॅडम शेवटी आल्या, पायानं अधू असलेल्या शिपाईमामांना धरून. मामांना लिंबाखाली बसवलं आणि यादीची फाईल उघडून साहेबांपुढं धरली.

"साहेब, सही राहिली."

साहेबांनी खिसे चाचपले. पेन आत टेबलावर राहिलं होतं. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आमी जमिनीकडं.

"जाऊन घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "मी थांबते."