आक्काच्या तळहातावरची बर्गंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या माळकरी बहिणीला मी फ्रान्समध्ये दारू पाजली, आणि तो द्राक्षांचा रस आहे असं सांगून पाजली. प्रवास कसा झाला म्हणून कोणी विचारलं की मी तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतो. रस्ते खरंच चांगले आहेत.

आक्काची मुलगी रोहिणी हिंजवडीच्या कंपनीतून लियॉनला गेली, तिनं आईला बोलावलं. एकटी जायला आक्का तयार नव्हती, म्हणून सोबतीला मामा, म्हणजे मी. कोळवणहून निघताना आक्कानं सामानात आंबेमोहोराची पिशवी आणि ठेचा घेतला. मी स्वेटर विसरलो.

एका रविवारी रोहिणीनं गाडीतून बर्गंडीला नेलं. (तिकडचे लोक ‘बुर्गोन्य’ म्हणतात, मला ते अजून जमलेलं नाही.) दिजाँ शहरापासून बोन गावाच्या पुढपर्यंत एक लांबट उतरण पूर्वेकडे तोंड करून बसली आहे. त्या उतरणीवर द्राक्षांच्या ओळी, मध्ये दगडी बांध, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव. पांढऱ्या वाइनचं द्राक्ष शार्दोने, ते पडेल त्या पंगतीत बसतं. तांबड्या वाइनचं पिनो न्वार म्हणजे रुसलेला जावई. ऊन जास्त झालं तरी बिनसतं, पाऊस जास्त झाला तरी बिनसतं. आमच्या ताम्हिणी घाटातला एका दिवसाचा पाऊस तिकडे धाडला, तर सबंध मुलूख शेती सोडून नोकरीला लागेल.

“दत्ता, ह्या वरकसाला कुंपण कोन घालतंय?” आक्कानं विचारलं. (वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. आमच्याकडे तिथं नाचणी होते, नाहीतर भांडणं.)

रोहिणी म्हणाली, “आई, इथं हीच भारी जमीन. खालची सपाट ती साधी.”

“उलटंच हाय सगळं,” आक्का म्हणाली.

जेवायला शेजारच्या टेबलावर गोगलगायी आल्या, लसूण-लोण्यात. पावसाळ्यात वाफ्यातल्या गोगलगायींवर आक्का मीठ टाकते. तिनं ताटाकडे बराच वेळ पाहिलं. “मीठच बरं,” असं म्हणून तिनं आपला भाकरीचा डबा उघडला.

तिथून आम्ही ओदील नावाच्या बाईंच्या ‘काव्ह’मध्ये (वाइनच्या तळघरात) गेलो. आक्कानं त्यांना तांदूळ दिले. बाईंनी पिशवीत नाक घालून डोळे मिटले आणि उगाच हसल्या. तेवढ्यात वाटेत लावलेली गाडी हलवायला रोहिणी वर गेली. बाईंनी पेल्यात घोटभर तांबडी वाइन ओतली.

आता खरं सांगतो. मला ती चाखायची होती. समोर आक्का तोंड वाकडं करून बसली असती, तर घोट घशाखाली उतरला नसता. म्हणून तिनं “काय हाय ह्ये?” विचारलं तेव्हा मी म्हणालो, “द्राक्षांचा रस.” मी मुळात कमी बोलतो, म्हणून जे बोलतो ते खरंच असणार, असं आक्का लहानपणापासून मानते.

तिनं आजूबाजूला पाहिलं. अंधार, ओलसर दगड, एक मेणबत्ती, आणि दोन म्हातारे पर्यटक डोळे मिटून वास घेत उभे. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि उजवा तळहात पुढे केला.

बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी तळहातावर ओतली. आक्कानं ती प्राशन केली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. ही भारतातली जुनी चाखण्याची रीत असावी, असं बाईंना वाटलं असणार. त्यांनीही तळहातावर घेतली, प्यायल्या, आणि नीट बसवलेल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. मग पर्यटकांनीही. त्यातला एकजण तिथल्या रिवाजाप्रमाणे घोट बादलीत थुंकला.

“तीर्थ थुकत्यात व्हय?” आक्का म्हणाली. पुढचा घोट त्यानं निमूट गिळला.

मला त्यात पिकलेल्या करवंदांचा वास आला. आक्का म्हणाली, “आंबाट हाय, पर गुन हाय,” आणि आणखी दोनदा तळहात पुढे केला. परतताना गाडीत तिनं ओव्या म्हटल्या.

“आई आज भलतीच खुशीत आहे,” रोहिणी म्हणाली.

“हवा मानवली,” मी म्हणालो.

आम्ही कोळवणला परतलो, आणि त्या रसानं गुडघे कसे गप बसले हे आक्कानं गावभर सांगितलं. रोहिणी दिवाळीला येते आहे. आक्कानं तिला ओदील बाईंकडचा रस आणायला सांगितलाय. परवा रोहिणीचा मला फोन आला. “मामा, आई कसला रस म्हणते? त्या बाईंकडे तर नुसती वाइन असते.” आमच्या खोऱ्यात रेंज धड नसते, याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला.

दिवाळीनंतरच्या एकादशीला भजनी मंडळातल्या बायकांना तळहातभर तीर्थ द्यायचं आक्कानं कबूल केलं आहे. फळाचंच हाय, उपासाला चालतंय, असं तिचं म्हणणं. काल ती चिंचेनं तांब्याची पळी घासत बसली होती.

“बाटली उघडाया तुला जमंल न्हवं?” तिनं विचारलं. “तितं लई ध्यान दिऊन बघत हुतास.”

जमेल, म्हणालो.

एकादशीच्या आत आक्काला माझं एक वाक्य देणं आहे. ती दारू होती, आणि मला माहीत होतं. ते अजून दिलेलं नाही.